झडीचा जीव

मराठवाड्यात पाऊस आधी मंडळात पडतो, मग शेतात. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाणी भरलं की अतिवृष्टी. त्याच्या आत राहिलं तर नुसताच पाऊस. बांधाला बांध लागलेले दोन भाऊ असतात. एकाचं शेत या मंडळात, दुसऱ्याचं त्या. एकाचा पंचनामा होतो, दुसरा तलाठ्याच्या मागे फिरतो. २०२४ पर्यंत सलग २१ दिवस खंड पडला की विम्याच्या आगाऊ रकमेची चर्चा सुरू व्हायची आणि विसाव्या दिवशी चार थेंब आले की तीच चर्चा भांडणावर जायची. मी बँकेत पीककर्जाच्या टेबलावर बसते. पावसाळाभर माझ्यासमोरच्या खुर्चीत येणारा प्रत्येक माणूस मिलिमीटरमध्ये बोलतो.

त्यातून मी लातूरची. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आमच्या शहरात आली तेव्हा पहिल्या गाडीत ५ लाख लिटर पाणी होतं, हा आकडा शाळकरी पोरांनाही पाठ होता. नळाला पाणी कितव्या दिवशी येणार, टँकर किती लिटरचा, टाकीत किती बोटं उरलं. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात पुराने सोयाबीन, गुरं, घरं वाहून नेली, आणि तेव्हाही आम्ही आकडेच मोजत होतो. दुष्काळात आणि पुरात मोजायची सवय तेवढी बदलत नाही.

या मोजदादीत एका पावसाला काहीच किंमत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत भुरभुरत राहणारा, कपडे वाळू न देणारा आणि दुसऱ्या दिवशी आकडा पाहिला तर जेमतेम चार मिलिमीटर भरलेला. 'झड लागली' म्हणून लोक वैतागतात. फवारणी खोळंबते, वापसा होत नाही म्हणजे रान मशागतीजोगं सुकत नाही, खुरपणीला बाया येत नाहीत. तळं भरत नाही, विहिरीला पाझर सुटत नाही. अशा पावसाची मलाही आस्था नव्हती. ती किनवटला आल्यावर निर्माण झाली, आणि त्याला कारण ठरली नखाएवढी एक अळंबी.

किनवटला बदली झाल्याचं कळल्यावर शाखेतल्या लोकांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. नांदेड जिल्ह्याचं हे पार टोक. पलीकडे तेलंगण. आदिलाबादकडे जाणारी रेल्वे भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड करत करत इथे येते, आणि हिमायतनगरच्या पुढे खिडकीतला देखावा बदलतो. सोयाबीन-कापसाची उघडी रानं मागे पडतात आणि साग सुरू होतो. ज्या लातूर जिल्ह्यात जंगलाचं प्रमाण एक टक्क्याच्याही आत आहे तिथून आलेल्या माणसाला हा मराठवाडा आहे हे पटवून घ्यायला वेळ लागतो. साग, ऐन, धावडा, मोहा, तेंदू, सालई, चारोळी, पळस. पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे पसरलेलं हे रान इथल्या आंध, गोंड, कोलाम आणि बंजारा वस्त्यांचं घर आहे. बँकेत त्यांचं काम कमी आणि मला त्यांच्याकडून शिकायचं जास्त, असा आमचा व्यवहार झाला.

सागाचं जंगल उन्हाळ्यात बघायला फार कोणी जात नाही, आणि जाऊ नये असंच ते दिसतं. हिवाळ्याच्या शेवटापासून पानं गळायला लागतात. एकेक पान हातभर लांब, खरखरीत. चालताना इतका आवाज होतो की जनावर बघायची आशा सोडून द्यावी. मे महिन्यात सगळं रान उघडं पडतं आणि जमिनीवर पानांचे थर. मिरगाचे पहिले सपाटे येतात, धूळ बसते, पण पाचोळ्याचे वरचे दोन थर भिजून खालचे कोरडेच राहतात. ढग फुटल्यासारखा पाऊस झाला तरी तेच. पाणी पानांवरून घसरतं आणि नाल्याला लागतं. पाचोळा आतपर्यंत मुरवतो तो झडीचा पाऊस. आषाढात कधीतरी अशी दोन-तीन दिवस झड लागते, सूर्य दिसत नाही, आणि चौथ्या दिवशी सकाळी सागाच्या कुजक्या पानाच्या मधल्या शिरेवर एक केस उभा असतो. केसाच्या टोकावर टोपी.

केसच. देठ एक मिलिमीटरही जाड नाही, काळाभोर, चकचकीत आणि चिवट. वाकवला तर मोडत नाही. टोपी सेंटिमीटरभर रुंद, विटकरी रंगाची, कधी फिकट बदामी, मधोमध किंचित खोलगट. मधून कडेपर्यंत खोल घड्या. खालून पाहायचं तर जमिनीला गाल लावावा लागतो. मी लावते; सह्या पडताळायचं भिंग पर्समध्ये असतं त्याचा असा उपयोग होईल हे ते विकत घेताना ठाऊक नव्हतं. खाली पांढरे पडदे. बाजारातल्या बटण अळंबीखाली दाटीवाटीने असतात तसे नाहीत. मोजून पंधरा-सोळा, एकमेकांपासून लांब लांब, देठापासून कडेपर्यंत सरळ गेलेले. त्यांच्यामधून उजेड आरपार येतो. वरून मातकट दिसणाऱ्या या जीवाच्या पोटाखाली इतका स्वच्छ पांढरा रंग असेल असं उभ्याने पाहणाऱ्याला कळायची सोय नाही.

"कामून वाकून बघायलात मॅडम? काही पडलं का?"

हे मामा. वनमजूर म्हणून उभा जन्म या रानात गेलेला माणूस. माझ्या एका कर्जदाराचे ते चुलते, म्हणून मला रानात सोबत करायला तयार झाले. नंतर त्यांना त्यात मजा वाटायला लागली असावी.

"छत्री बघते, मामा."

"ती कुत्र्याची छत्री हाय. खायची न्हाई ती. अन् खावं तर पोट भराया पोतंभर लागतील."

खायची कोणती ते त्यांनी पुढे दाखवलं. वारुळाजवळ, पाऊस लागल्यावर जमीन फोडून वर येते ती. वाळवी जमिनीखाली आपल्या घरात बुरशीची शेती करते आणि त्याच बुरशीची छत्री वर येते. फ्रेंच अभ्यासक रोजे हाइम यांनी १९४२ साली या गटाला टर्मिटोमायसिस असं नाव दिलं. मामांना नावाशी कर्तव्य नाही, वारूळ कुठलं आणि ते कधी फुटतं हे त्यांना माहीत आहे, आणि तो पत्ता ते सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. त्या अळंबीवर सगळ्यांचं लक्ष. तिच्याबद्दल विचारा, चुलीपर्यंतची माहिती मिळेल. माझ्या केसाएवढ्या देठाच्या छत्रीबद्दल विचारलं तर दोनच उत्तरं: कुत्र्याची, आणि खायची नाही.

दुसरं उत्तर मात्र प्रत्येकाने ऐकावं. रानातली अनोळखी अळंबी तोंडात घालू नये. चांदीचं नाणं काळं पडतं का बघा, लसूण घालून शिजवा, किड्यांनी खाल्ली असेल तर माणसालाही चालते, असल्या परीक्षांवर भरवसा ठेवून माणसं दवाखान्यात गेली आहेत. पावसाळ्यात शहरांतल्या मैदानांवर उगवणारी मोठी, पांढरी, दिसायला खाण्याजोगी छत्री उलट्या-जुलाबाने लोळवते, आणि जगातल्या सर्वांत घातक अळंब्यांचे पडदेही पांढरेच असतात. एवढं सांगितलं, पुरे.

तर ही छत्री मॅरास्मियस नावाच्या कुळातली. कुळ ओळखता येतं, जात ओळखायला फोटो पुरत नाही. बीजाणूंचं, म्हणजे बुरशीच्या सूक्ष्म बियांचं, माप, टोपीच्या सालीतल्या पेशींचा आकार, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं, आणि उष्ण प्रदेशांत या कुळाच्या जाती ढिगाने आहेत. पुण्यातल्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीने, म्हणजे आजच्या आघारकर संस्थेने, १९८० साली नैऋत्य भारतातल्या छत्रीवाल्या बुरशांवर एक प्रबंधिका काढली. केरळातही या विषयावर बरंच काम झालं. सह्याद्रीला पाऊस आहे, म्हणून अळंबी आहे, म्हणून अभ्यासक आहे. मराठवाड्यात अळंबी शोधायला कोण येणार? येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात २०२४ च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्याकडून चालत आलेला वाघ कॅमेऱ्यात दिसला आणि धाराशिव जिल्ह्यात महिनोन्महिने दुसरा विषय नव्हता. वाघाचं कौतुक मलाही आहे. पण तो ज्या पाचोळ्यावरून चालत आला त्याच्याविषयी एक ओळ कुठे छापून आली नाही.

या कुळाची खरी गंमत पाऊस थांबल्यावर कळते. सर्वसाधारण अळंबी नाशवंत. उकिरड्यावर सकाळी उगवलेल्या छत्र्या दुपारपर्यंत काळ्या शाईसारख्या गळून जातात. मोठ्या मांसल जाती दोन दिवसांत कुजतात, त्यात अळ्या पडतात. मॅरास्मियस कुजत नाही. ऊन पडलं की तासा-दोन तासांत टोपी आक्रसते, घड्या मिटतात, पडदे एकमेकांना चिकटतात आणि देठाच्या टोकावर मोहरीएवढा सुरकुतलेला गोळा उरतो. मेली, असंच कोणीही म्हणेल. मग आठवड्याने पुन्हा भुरभुर येते आणि तीच टोपी, तोच देठ, पुन्हा उलगडतो. नवी उगवत नाही, जुनीच उघडते.

मी एक पान तिच्यासकट घरी आणून खिडकीत ठेवलं होतं. ती वाळून गेल्यावर बशीत ओल्या फडक्यावर ठेवली. चहा उकळून, गाळून, पिऊन होईपर्यंत घड्या सुटल्या होत्या आणि भिंगातून पाहिलं तर पडदे सरळ उभे. त्यानंतर कितीतरी दिवस पाहुण्यांना हा प्रयोग दाखवण्याचा मला नाद लागला. आमच्या मॅनेजरसाहेबांनी तो पाहून विचारलं, "याचा उपयोग काय?" कर्जप्रकरणाची सवय, दुसरं काय.

हाच गुण पाहून एलियास फ्रीस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८३० च्या दशकात हे कुळ वेगळं काढलं: जे वाळून पुन्हा उठतात ते एका बाजूला, जे कुजतात ते दुसऱ्या. फ्रीसच्या देशात बर्फ आणि ओल भरपूर. वाळून उठण्याची अशी निकड तिथे कोणाला असावी, असं मला उगाच वाटतं. आता वर्गीकरण त्या एका गुणावर चालत नाही, कारण इतर कुळांतल्या काही जातींनाही ते थोडंफार जमतं आणि अलीकडे नाती जनुकांवरून ठरतात. पण कुळाचं नाव टिकलं.

वाळून न मरण्याचं श्रेय बऱ्याच अंशी एका साखरेकडे जातं. हिरवळीवर गोल रिंगणात उगवणारी या कुळातली एक जात आहे, तिच्या अंगात ट्रेहॅलोज नावाची साखर भरपूर असते. पेशीतलं पाणी गेलं की एरवी पेशीचे पडदे आणि प्रथिनं मोडून पडतात. ही साखर पाण्याच्या जागी उभी राहून त्यांचा आकार धरून ठेवते. पाणी परत आलं की साखर बाजूला होते आणि काम पुढे चालू. बेकरीवाला कोरडं यीस्ट कोमट पाण्यात टाकतो आणि ते जागं होतं, त्यामागेही हीच साखर आहे. यीस्टही बुरशीच.

आणि जागी झालेली छत्री नुसती शोभेला उभी राहत नाही. पडद्यांवर बीजाणू तयार होत असतात. एकेक बीजाणू बारीकशा टोकावर बसलेला. त्याच्या बुडाशी थोडी साखर स्रवते, ती हवेतली वाफ ओढते आणि तिथे पाण्याचा एक सूक्ष्म थेंब जमतो. बीजाणूच्या अंगावर दुसरी पाण्याची पातळ फिल्म. थेंब वाढता वाढता त्या फिल्मला टेकतो आणि क्षणार्धात तिच्यात विरघळतो. या झटक्याने बीजाणू टोकावरून सुटतो. सुटतानाचा वेग वाढण्याचा दर गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट, आणि अंतर मात्र मिलिमीटरचाही अंश. एवढंच हवं असतं. जास्त उडाला तर समोरच्या पडद्याला चिकटेल, कमी उडाला तर स्वतःच्याच. दोन पडद्यांच्या मधल्या पोकळीत यायचं आणि सरळ खाली पडायचं; पुढे वारा बघून घेतो. कॅनडातल्या विनिपेगला बसून रेजिनाल्ड बुलर या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे वर्षानुवर्षं न्याहाळलं. त्या थेंबाला आजही बुलरचा थेंब म्हणतात.

त्या थेंबासाठी हवा दमट लागते. पाऊस कोसळायची गरज नाही. चार मिलिमीटरवाली सकाळ पुरते, धुकं पुरतं, दाट दव पुरतं. युरोप-अमेरिकेतली मॅरास्मियस रोटुला नावाची जात वाळत-उलगडत तीन आठवड्यांपर्यंत बीजाणू सोडत राहते. इतर अळंब्यांच्या मानाने हे म्हणजे दीर्घायुष्यच. बहुतेकांना पाऊस एकदाच भेटतो, त्यातच काय ते उरकायचं. हिला खंड पडलेला चालतो. विमा कंपनीच्या २१ दिवसांवर मी रोज वाद ऐकलेत, त्यामुळे ते तीन आठवडे वाचताना मला हसू आलं.

बीजाणूंची आणखी एक हकीकत आहे, ती मराठवाड्यात सांगायलाच हवी. २०१५ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी प्रयोगशाळेत पाहिलं की हवेत सुटलेल्या बीजाणूंवर, दमटपणा वाढला की, पुन्हा पाण्याचे थेंब जमतात. बुडाशी स्रवलेल्या त्याच साखरेमुळे. ढगात थेंब जमायला धुळीचा, मिठाचा कसला तरी कण लागतो. मोठ्या जंगलांवरच्या हवेत बीजाणू हे काम करत असावेत, असा त्यांचा अंदाज. आणि योगायोग असा की त्याच २०१५ च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे औरंगाबादला रडार बसवून, विमानातून ढगांत क्षार सोडून कृत्रिम पावसाचा प्रयोग चालू होता. विमान उडालं की बातमी, ढग नाहीत म्हणून उतरलं की बातमी. २०१९ ला पुन्हा तेच. आता कोणी असा अर्थ काढू नये की किनवटच्या छत्र्यांमुळे लातूरला पाऊस येईल. प्रयोगशाळेतला थेंब आणि आभाळातला ढग यांच्यात फार मोठं अंतर आहे. पण ढगात काहीतरी पेरायचं म्हटल्यावर आपल्याला आधी विमान आठवतं, एवढं मात्र खरं.

आता पाचोळ्याकडे. छत्री हा या जीवाचा फळाएवढाच भाग. खरा जीव पानांच्या थरांत पसरलेलं तंतूंचं जाळं. झडीनंतर सागाचं एखादं खालच्या थरातलं पान उचलून बघा. त्यावर पांढरट डाग दिसतील, रंग उडाल्यासारखे. पानाच्या शिरांत लिग्निन असतं, लाकडाला लाकूडपण देणारा चिवट भाग. तो पुरता पचवू शकणारे जीव फार थोडे, आणि त्यात या पांढऱ्या कुजीच्या बुरश्या सगळ्यांत पुढे. बुरशीने तो तपकिरी भाग खाल्ला की पान फिकं पडतं, मऊ पडतं, मग गोगलगाय, पैसा किडा, गांडूळ यांना ते खाता येतं. सागाचं पान हातात धरलं तर खरखरीत कागद. ते खायची सुरुवात कोणीतरी करावी लागते.

दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तंतू एका पानातून दुसऱ्यात जातात आणि पानं एकमेकांना शिवली जातात. एक उचललं की खालची चार सोबत येतात. कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटावर, डोंगरउताराच्या जंगलात, १९८० च्या दशकात याचा अभ्यास झाला. बुरशीने असा बांधून ठेवलेला पाचोळा जिथे होता तिथून पावसाने वाहून जाणारं पालापाचोळ्याचं प्रमाण कमी निघालं. किनवटचे उतार तेवढे तीव्र नाहीत आणि पाऊसही तेवढा नाही. पण नाल्याच्या काठावर, जिथे पानं अशी बांधली गेलेली आहेत, तिथे झड थांबून चार दिवस झाले तरी खाली हात घातला तर बोटं ओली होतात. दहा पावलांवर उघड्या मुरमावर तोच पाऊस पडलेला असतो, तेवढ्याच मिलिमीटरचा, आणि तिथे दुसऱ्या दिवशी धूळ उडते. आमच्या मोजमापात या दोन जागांमध्ये काही फरक नाही. पर्जन्यमापक किती पडलं ते सांगतो. किती थांबलं हे सांगणारं यंत्र मंडळात बसवलेलं नाही. बसवायचं झालं तर माझी शिफारस या छत्रीसाठी आहे. ती जिथे दिसते तिथे पाणी नुसतं पडून गेलेलं नाही, मुक्कामाला राहिलंय, असं खुशाल समजावं.

येडशीला गेले तेव्हा मी हे मुद्दाम पाहिलं. बालाघाटातलं ते रान किनवटपेक्षा कितीतरी कोरडं, झाडं खुरटी. रामलिंगाच्या देवळाजवळ घळीत उतरलं की ओहोळाच्या कडेला, मोठ्या दगडांच्या सावलीला पाचोळा साठून राहतो. माकडांनी माझी पिशवी हिसकावली नसती तर आणखी शोधलं असतं. तरी तेवढ्यात पळसाच्या पानावर एक वाळलेला काळा केस मिळाला, टोकाला गोळा. ओला केल्यावर उघडला. धाराशिवच्या दुष्काळी जिल्ह्यातही तिला घर आहे म्हणायचं, फक्त घराचं क्षेत्रफळ एका घळीएवढं.

आणि हे घर आपण दरवर्षी पेटवतो.

फेब्रुवारीपासून जूनपर्यंत जंगलात आग लागते, असं म्हणायची पद्धत आहे. सागाच्या रानात आग आपोआप क्वचितच लागते, ती लावली जाते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं गळतात. पाचोळ्यात पडलेलं फूल दिसत नाही, म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, जमीन मोकळी करतात. तेंदूला कोवळी पानं चांगली फुटावीत म्हणून पेटवतात. झाडाखालची आग झाडाखाली राहत नाही. वनखातं जाळरेषा काढतं, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून एक पट्टा आधीच जाळून साफ करतं. मामांनी उमेदीची वर्षं हेच केलं. आगीत मोठे साग मरत नाहीत, साल काळी पडते इतकंच. म्हणून बाहेरच्या माणसाला पावसाळ्यात सगळं हिरवं दिसतं आणि काही बिघडलं नाही असं वाटतं. पण पाचोळ्यात राहणारी बुरशी पाचोळ्यासोबत जाते. पुढच्या पावसाळ्यात तिथे उघड्या जमिनीवर गवत, तरोटा येतो. बीजाणू वाऱ्याने येतात, पण यायचं कशावर? पानं साठायला वर्षं लागतात, आणि ती साठायच्या आत पुन्हा मार्च येतो.

ज्याच्या घरात मोहाच्या पैशावर पोरांची वह्या-पुस्तकं येतात त्याला मी बँकेच्या पगारावर बसून शहाणपण सांगावं, हे मला जमत नाही. सागाची पानं जळाली म्हणून हळहळणारी मी लातूरची. आमच्याकडे एका टक्क्याच्या आत जे उरलंय ते कोणी संपवलं हा प्रश्न विचारला तर किनवटकडे बोट करता येणार नाही. तरी जळलेल्या पट्ट्यातून चालताना माझा जीव तुटतो, आणि तो तुटण्याचं कारण वाघ किंवा साग नाही हे मामांना आता कळलेलं आहे.

उन्हाळ्यात आमचा यावर बराच वाद झाला. मी म्हटलं, काही भागांत झाडाखाली जाळ्या बांधतात, फूल जाळीवर पडतं, पालाही जाळावा लागत नाही, फुलाला मातीही लागत नाही, भाव बरा मिळतो.

"हाव, ऐकलंय मी बी. जाळी नसंल तर जुनं लुगडं आथरलं तरी होतंय. आमच्या मायनं आथरलेलं मी बघितलंय."

"मग?"

"मग काय? झाडं सोळा अन् लुगडी दोन. त्यातलं एक तिच्या अंगावर."

मी गप्प बसले. ते बिडी पेटवायला थांबले, काडी विझवून खिशात परत ठेवली, आणि म्हणाले, "तुमच्या बँकेत जाळीला कर्ज बसतंय का, ते बघा आधी. बसत आसंल तर दहा घरं मी आणतो."

ते मी बघते आहे. वनोपजाच्या योजनेत बचत गटाच्या नावाने प्रस्ताव बसू शकतो; तारण काय आणि 'उपयोग काय' या रकान्यात नेमकं काय लिहायचं, यावर मॅनेजरसाहेबांचं आणि माझं अजून जमलेलं नाही.